घरमालक भाडं किती वाढवू शकतो? ४ टक्के कोणाला लागू आणि बाकीच्यांनी काय करायचं

व्हॉट्सॲपवर अधूनमधून तो मेसेज येतोच, नवीन भाडे कायदा लागू, डिपॉझिट दोनच महिन्यांचं, तीन महिने आधी लेखी नोटीस दिल्याशिवाय भाडं वाढवता येणार नाही, सगळ्या ग्रुपला पाठवा. मग कोणीतरी उत्साहात तो घरमालकाला दाखवतो आणि मालक थंडपणे म्हणतो, बरं, मग दुसरं घर बघा. तर आधी तो मेसेज डोक्यातून काढा. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये एक आदर्श भाडे कायदा मंजूर केला हे खरं, पण तो नुसता नमुना आहे, ज्या राज्याने उचलला तिथेच चालणार, आणि महाराष्ट्राने तो उचललेला नाही. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला (गोव्यात राहत असाल तर तिथला वेगळा, १९६८ चा आहे, हे सगळं तिथे लावत बसू नका). आणि या आपल्या कायद्यात भाडेवाढीला मर्यादा आहे, वर्षाला ४ टक्के. पण ती बहुतेक तुम्हाला लागू नाही. का नाही, आणि मग हातात काय उरतं, ते सांगतो.

आधी ॲग्रीमेंट काढा आणि वर काय लिहिलंय ते वाचा. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर, कुठेही फ्लॅट भाड्याने घेतला असेल तर दहातल्या नऊ जणांच्या कागदावर "लिव्ह अँड लायसन्स" असंच असणार. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तुम्ही भाडेकरू नाही, लायसन्सी आहात, मालकाने ठराविक मुदतीसाठी राहायची परवानगी दिलीये, मुदत संपली की परवानगी संपली. ४ टक्क्यांचं कलम ११ आहे ते भाडेकरूसाठी, म्हणजे गिरगाव-लालबागच्या चाळीतले, पुण्यातल्या वाड्यांमधले, पागडीवाले (सुरुवातीला एकरकमी मोठे पैसे देऊन भाडेकरू झालेले), ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भाडेपावती आहे ते लोक. हा फरक एजंट सांगत नाही, मालकालाही नीट माहीत नसतो, आणि भांडण झालं की दोघंही इंटरनेटवरून अर्धवट वाचून येतात.

मालक लोक भाडेकरार म्हटलं की एवढे का बिचकतात त्यालाही कारण आहे. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच गोठवून ठेवलं होतं, जागा त्यानंतर दिली असेल तर पहिल्यांदा दिली तेव्हाचं, आणि तिथून ते जवळजवळ हलायचंच नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे असं गोठवणं मनमानी आहे, आता टिकणार नाही, मग १९९९ चा नवा कायदा आला. पण तोपर्यंत मालकांनी धडा घेतला होता की भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही, त्यामुळे आज जो तो लिव्ह अँड लायसन्सच करतो, आणि त्याची किंमत तुम्ही-आम्ही दर अकरा महिन्यांनी मोजतो.

जुने भाडेकरू असाल तर

तुमचं थोडक्यात सांगतो कारण तुमची बाजू मुळात मजबूत आहे. वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला मागता येते. महापालिकेचा कर वाढला तर तेवढा बोजा नियमाप्रमाणे पुढे येऊ शकतो, आणि ७० टक्के भाडेकरूंच्या संमतीने इमारतीत मोठी सुधारणा केली असेल तर त्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते. यापलीकडे "आजूबाजूला रेट बघा की" हे कारण चालत नाही. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, देत नसेल तर भाडं बँकेतून पाठवा किंवा मनीऑर्डर करा आणि परत आली तर ती पावती जपून ठेवा, कारण पुढे कोर्टात प्रश्न एकच येतो, भाडं द्यायची तुमची तयारी होती की नव्हती. भाडं थकलं म्हणून नोटीस आली तर ९० दिवसांच्या आत भरून टाका, हे ९० दिवस कायद्यातच दिलेत. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासकट कोर्टात भरायची सोय आहे, पण तिथपर्यंत जाऊच देऊ नका.

गळती, पडकं बाथरूम वगैरे मालक करत नसेल तर लेखी नोटीस द्या, १५ दिवसांत काही हललं नाही तर स्वतः करून भाड्यातून कापता येतं, पण वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. आता चाळीचं भाडं वर्षाला दोन-तीन हजार असेल तर एक चतुर्थांशात काय दुरुस्ती होणार, तो हिशोब कायदा करणाऱ्यांनाच माहीत. आणि पाणी, लाईट, जिन्यातला दिवा, लिफ्ट बंद करून त्रास द्यायचा प्रकार चालला असेल तर कलम २९ खाली कोर्टातून सुरू करून घेता येतं. मुंबईत लघुवाद न्यायालय, लहान गावात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. बस, आता फ्लॅटवाल्यांकडे वळू.

लिव्ह अँड लायसन्सवाले: मुदत चालू असताना

हा भाग नीट वाचा, कारण जास्तीत जास्त लोक इथे विनाकारण पैसे देतात. रजिस्टर केलेल्या ॲग्रीमेंटमध्ये जो आकडा आहे तो मुदत संपेपर्यंत तोच. मालकाचा होम लोनचा हप्ता वाढला, सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, शेजारच्या विंगमध्ये कोणीतरी तीन हजार जास्त देतोय, यातल्या कशानेही मधेच एक रुपया वाढवता येत नाही, कागदावर तसं लिहिलेलं नसेल तर. मेंटेनन्स कोण भरणार ते ॲग्रीमेंटमध्ये असतंच, बहुतेक ठिकाणी मालक भरतो, तर तो वाढला तरी मालकाचाच. सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल जो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते तोसुद्धा मालकाचा विषय, आणि तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, हा सरकारी आदेश २००१ पासून आहे. सोसायटीने वाढवला म्हणून तुमच्याकडून पाच हजार मागितले तर सरळ विचारा, काका, सोसायटीचं बिल दाखवता का.

पण इथे एक चोरवाट आहे. एजंटच्या तयार फॉरमॅटमध्ये असं एक वाक्य असतं की दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. आता मालकाला चौथ्या महिन्यात वाटलं की भाडं कमी लावलं, तर तो भाडं वाढव म्हणणार नाही, तो म्हणेल महिन्याची नोटीस देतो, किंवा मग दोन हजार वाढवा आणि राहा. म्हणजे कागदावर भाडं पक्कं आणि प्रत्यक्षात काहीच पक्कं नाही. आपण सगळे सही करताना भाड्याचा आकडा बघतो आणि हे वाक्य बघतच नाही. त्यामुळे ॲग्रीमेंट करताना लॉक-इन (ठराविक महिने करार मोडायचा नाही ही अट) मालकावरही लावून घ्या. फॉरमॅटमध्ये लॉक-इन बहुतेक फक्त तुमच्यावर असतो, सहा महिन्यांच्या आत सोडलं तर डिपॉझिटमधून कापणार वगैरे. तुम्ही म्हणायचं, माझ्यावर सहा तर तुमच्यावर पूर्ण अकरा, भाडं थकवलं किंवा घराचं नुकसान केलं तर गोष्ट वेगळी. बरेच मालक हो म्हणतात, कारण त्यांनाही मधेच काढायचं नसतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

रिन्यू करताना

मुदत संपल्यावर मात्र कायद्यात कुठलीही टक्केवारी नाही. मालकाने २२ हजाराचे ३० मागितले तरी बेकायदेशीर नाही, तुम्ही नाही म्हणू शकता आणि घर सोडू शकता, एवढंच. पाच किंवा दहा टक्के ही नुसती रीत आहे. म्हणून बोलणी करायची ती सही करण्याआधी, पुढच्या वर्षीची वाढ आत्ताच लिहून घ्यायची.

लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंतचा करता येतो, अकराच महिन्यांचा केला पाहिजे असा काही नियम नाही. अकराची सवय देशभर लागली कारण नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या वरचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो आणि तो खर्च वाचवायचा. महाराष्ट्रात ती पळवाटच नाही, आपल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कितीही महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो. मग कशाला अकराच? तुम्हाला तीन वर्षं राहायचंय, मुलांची शाळा जवळ आहे, तर ३३ किंवा ३६ महिन्यांचा करा आणि वाढ आकड्यात लिहून घ्या, टक्क्यात नको. साधारण असं (परवाना शुल्क म्हणजे भाडंच):

"परवाना शुल्क पहिल्या १२ महिन्यांसाठी दरमहा २२,००० रुपये, पुढील १२ महिन्यांसाठी दरमहा २३,१०० रुपये व शेवटच्या १२ महिन्यांसाठी दरमहा २४,२५५ रुपये राहील. याव्यतिरिक्त मुदतीत कोणत्याही कारणाने वाढ केली जाणार नाही."

हे पाच टक्क्याने झालं. हेच दहा टक्क्याने २४,२०० आणि मग २६,६२० होतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये बदलतं भाडं टाकायची सोय असते, एजंट "नाही होत" म्हणाला तर त्याला परत एकदा बघायला सांगा (दर अकरा महिन्यांनी रिन्यूअलचे पैसे त्यालाच मिळतात हे लक्षात असू द्या). आणि वाढ अकरा महिन्यांनी लावायची की बारा, हेही बघा, अकराच्या चक्रात प्रत्येक वाढ आधीच्यापेक्षा एक महिना लवकर येत जाते, कोणाच्या लक्षातही येत नाही.

मुदत संपत आलीये आणि मालकाने दहा टक्के मागितलेत, तर आधी मालकाच्या बाजूने गणित करा. २२ हजारावर दहा टक्के म्हणजे २,२०० महिना, अकरा महिन्यांचे २४,२००. नवीन भाडं किती होतं? २४,२००. म्हणजे तुम्ही गेलात आणि फ्लॅट एक महिना रिकामा पडला की वर्षभराची अख्खी वाढ गेली, वर रंगकाम, एजंट आणि नवीन माणूस कसा निघतो ते नशीब. हे मालकाला वादात ऐकवायचं नाही, पण तुमच्या डोक्यात पाहिजे, म्हणजे आवाजात रडका सूर येत नाही. तुमच्या बाजूनेही गणित आहेच, नवीन घर म्हणजे ब्रोकरेज, टेम्पो, गॅस-वायफाय शिफ्टिंग, त्यामुळे फुकट अडून बसू नका, मधे कुठेतरी जमतं.

आणि हे सगळं मुदत संपायच्या दोन महिने आधी. शेवटच्या आठवड्यात बोललात तर मालकाला माहितीये की तुम्ही कुठे जाणार नाही. फोनवर बोला, पण मग मेसेज टाका, काहीसा असा:

"नमस्कार काका, आपलं ॲग्रीमेंट ३१ मे ला संपतंय. आम्हाला पुढे अजून दोन वर्षं राहायला आवडेल. भाडं आजवर दर महिन्याला ५ तारखेच्या आत दिलंय, किचनचा नळ आणि गिझर आम्हीच दुरुस्त करून घेतला. ५ टक्के वाढीने २३,१०० आम्हाला जमेल. तुमचं काय म्हणणं ते १५ एप्रिलपर्यंत कळवाल का, म्हणजे त्याप्रमाणे ठरवता येईल."

यात कायदा काढायचा नाही. कायदा काढला की समोरचा वकील असलेल्या भाच्याला फोन करतो. त्याच बिल्डिंगमधल्या तशाच फ्लॅटचं चालू भाडं काय आहे ते मात्र आधी वॉचमनकडून आणि दोन साइटवरून काढून ठेवा, साइटवरचा आकडा हा मागितलेला असतो, ठरलेला नाही, वॉचमनला ठरलेला माहीत असतो.

मुदत संपली आणि तसेच राहिलात

"बघू नंतर, राहा तुम्ही" असं मालक म्हणाला आणि चार महिने कागद नाही, हे फार ठिकाणी चालतं. धोका दोन्हीकडे आहे पण तुमच्याकडे जास्त. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई लागू शकते. २२ हजाराचे ४४. संबंध चांगले असेपर्यंत कोणी मागत नाही, बिघडले की मागतात. म्हणून निदान मेसेजवर तरी लिहून घ्या की नवीन ॲग्रीमेंट होईपर्यंत त्याच भाड्यात राहायला सांगितलंय, आणि लवकर रजिस्टर करून मोकळे व्हा.

मालकाला मुदतीनंतर ताबा हवा असेल तर त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे अर्ज ऐकायला सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करावा लागतो, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, लाईट तोडणं हे तो स्वतः करू शकत नाही, तसं केलं तर पोलिसात लेखी तक्रार द्या आणि वकिलामार्फत मनाई हुकूम मागा. पण त्या प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर ते फ्रिजवर लावून ठेवू नका. मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो.

रजिस्ट्रेशन, नोटरी आणि पैसे

"आम्ही नोटरी करतो, सगळे तेच करतात." नाही करायचं. रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीये, न केल्यास शिक्षा त्यालाच, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कागद रजिस्टर नसताना वाद झाला तर अटींबद्दल भाड्याने राहणारा जे म्हणतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीत तोटा खरं तर मालकाचाच, हे एकदा शांतपणे सांगून बघा, लगेच तयार होतात. खर्चही काही फार नाही. स्टँप ड्युटी एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. २२ हजार महिना, अकरा महिने, म्हणजे २,४२,०००. डिपॉझिट एक लाख असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, अकरा महिन्यांचे साधारण ९,१६७. दोन्ही मिळून २,५१,१६७ आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार, ग्रामीण भागात पाचशे. बाकी एजंट जे घेतो ती घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येण्याची मजुरी, ती विचारून ठरवा. कोण किती भरणार ते आधी बोला, अर्धं-अर्धं हे सगळ्यात बिनभांडणाचं.

भाडं कागदावर कमी दाखवू, बाकी कॅश द्या, असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. एचआरएवरची (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची) करसूट कमी मिळेल आणि पुढच्या वर्षी वाढ कुठल्या आकड्यावर, यावरही वाद. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर ऑफिसला मालकाचा पॅन लागतो, काही मालक तो द्यायला कुरकुरतात, म्हणून तोही सहीच्या आधीच मागून घ्या.

डिपॉझिट

भाडेवाढीचा खरा दबाव इथून येतो, तुमचे लाखभर रुपये त्याच्याकडे अडकलेत त्यामुळे तुम्ही निघताना कचरता. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला कायद्याची मर्यादा नाही, जे ठरेल ते. म्हणून भाडं हजार रुपये कमी करून डिपॉझिट दुप्पट मागितलं तर भुलू नका, आणि जे द्याल ते बँकेतून, कॅश नाही. रिन्यूअलला भाडं वाढलं म्हणून डिपॉझिटही वाढवा असं म्हणतात, ते नाही म्हणायला हरकत नाही.

ताबा घ्यायच्या दिवशी सामान आत जायच्या आधी पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, भिंतीवरची ओल, बाथरूमच्या टाइल्सचे तडे, ओट्याखालचं फुगलेलं प्लायवूड, मीटरचं रीडिंग, आणि तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा, नुसता फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. ॲग्रीमेंटमध्ये दोन वाक्यं हवीत, किल्ली देताना त्याच वेळी डिपॉझिट परत, आणि नेहमीच्या वापरातली झीज कापायची नाही. रंगाचे पैसे कापणार असतील तर किती, तो आकडा आत्ताच लिहा, कारण निघताना हाच रंग एकदम पंचवीस हजारांचा होतो आणि तो लागतो पुढच्या माणसासाठी.